जोडीने येणारे शब्द

मंगळवार, ४ मार्च

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मुलीने सांगितलं म्हणून ही वही सुरू करते आहे. "काकू, दिवसभरात काकांच्या तोंडून जे येईल ते जसंच्या तसं लिहा. चुकीचं असलं तरी. सुधारू नका." शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे रोखून बघत म्हटलं. मी बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, हे तिला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी तिच्या माहितीपत्रकातल्या तीन चुका मी तिला दाखवल्या होत्या.

वस्तुस्थिती अशी. हे बस स्थानकावर उद्घोषक आहेत. सव्वीस वर्षं कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते माईकवरून सांगत आले. ११ फेब्रुवारीला सकाळी माईकसमोरच झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. पाय हळूहळू परत येतो आहे. समजतं बहुतेक सगळं. सांगता येत नाही.

आजचे शब्द: 'हे' (नऊ वेळा), 'अरे' (चार), एक शिवी (स्पष्ट).

संध्याकाळी पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवलं, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." एका अक्षरालाही अडखळले नाहीत. तोच माईकवरचा आवाज. मी पाणी दिलं. प्यायले.

मला रडू आलं नाही. हेही जसंच्या तसं लिहून ठेवते.

रविवार, ९ मार्च

व्यायाम घेणाऱ्या मुलीला पाण्याचा प्रकार सांगितला. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, जे हजारदा बोललेलं असतं ते बहुधा डोक्यात निराळ्या कप्प्यात राहतं. आकडे, शिव्या, ठरलेली वाक्यं, जोडीने येणारे शब्द. नवीन वाक्य जुळवायचं म्हटलं की अडतं. "तुम्ही जोडीतला पहिला शब्द म्हणा, दुसरा ते म्हणतात का बघा."

जोडीने येणारे शब्द म्हटल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझ्याबद्दल हे ठाऊक नव्हतं, म्हणून इथे लिहिते. परगावी एक कोश तयार होतो आहे. कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द येतो, एवढंच त्यात असणार. भूक लागते, थंडी वाजते, शपथ घेतात, घाम फुटतो. ताप येतो, चढतो, उतरतो, पण वाजत नाही. जानेवारीत मला तिथे दोन वर्षांसाठी नेमल्याचं पत्र आलं. १ मार्चला हजर व्हायचं होतं. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या चुका काढण्यापलीकडचं काम मला कुणी देत होतं.

९ फेब्रुवारीला ह्यांना सांगितलं. दोन तास बोलणं झालं. ह्यांचं शेवटचं वाक्य होतं, "जायचंय तर खुशाल जा. मला विचारू नकोस." त्यानंतर सोमवार आम्ही न बोलता काढला. मंगळवारी झटका आला.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, भांडणाने असं होतं का. ते म्हणाले, "रक्तदाबाने होतं. भांडण झालं होतं का?"

"चर्चा झाली होती," मी म्हटलं.

सोमवार, १० मार्च

पहिला व्यायाम. मी अर्धं म्हणायचं, ह्यांनी पुरं करायचं.

काळा, "कुट्ट". हिरवा, "गार". लाल, "भडक". पिवळा, "धमक". आंबट, "ढाण". भांडी, "कुंडी". शेजारी, "पाजारी". अकरापैकी दहा बरोबर. महिन्याभरात एवढे शब्द एका दमात आले नव्हते.

'पांढरा' म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फटक". मला 'शुभ्र' अपेक्षित होतं. दोन्ही चालतात, फटक बहुतेक चेहऱ्याला लागतं. अर्धा गुण दिला.

शनिवार, १५ मार्च

ह्यांची मोठी बहीण राहायला आली. टपालखात्यात खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आहेत, मागे-पुढे कुणी नाही. एक सुटकेस, एक छत्री, स्वतःची उशी. "तुझी अंगठी कुठाय?" हे मला पहिलं वाक्य. सैल झाली म्हणून काढून ठेवली आहे असं सांगितलं. माझ्या बोटाकडे बघत "हं" म्हणाल्या.

ताईंना शांतता सहन होत नाही. ह्यांनी 'च' म्हटलं की त्या चहा, चमचा, चष्मा, चप्पल, चादर सगळं समोर आणून ठेवतात. व्यायामाची मुलगी त्यांना म्हणाली, "मावशी, त्यांना वेळ द्या." त्या म्हणाल्या, "वेळ दिलाय गं. पंचावन्न सालं दिलीत. लहानपणीही असाच होता, मनातलं बाहेर काढायला चिमटा लागायचा."

हे हसले. डाव्या बाजूने.

सोमवार, १७ मार्च

कोशाच्या मुख्य संपादक बाईंना मी फेब्रुवारीतच कळवलं होतं, येता येणार नाही. त्यांनी आज कार्डांचा गठ्ठा पाठवला, वर चिठ्ठी: 'तोपर्यंत घरून करा. तुम्हाला ज दिला आहे.' तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, ते लिहिलं नाही.

बसल्या बसल्या तीस कार्डं केली. जीव: जीव लावणे, जीव लागणे, जीव टाकणे, जीव खाणे, जीव मुठीत धरणे. एका शब्दाला इतका गोतावळा असतो हे कळत नाही, आपण रोज त्याच्यात राहत असलो तरी. हे शेजारी बसून बघत होते. मी 'जीव' वाचलं की पुढचं क्रियापद सांगत होते. एक तर मला सुचलं नव्हतंच: "रमत नाही". जीव रमत नाही. कार्डावर लिहिलं. आधार म्हणून कुणाचं नाव द्यायचं, बाईंना विचारायला हवं.

बुधवार, २ एप्रिल

बाईंचा फोन. कार्डं चांगली आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमची जागा मी अडवून धरलीय. दुसऱ्या एकांना हवी आहे. पण घरून हे काम होत नाही हो, इथे चौघांनी एका टेबलाशी बसून भांडावं लागतं. १ जूनपर्यंत थांबते. मग मात्र मला ती भरावी लागेल."

"कळवते," मी म्हटलं.

घरात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही, उत्तर ठरलेलं आहे. ताई भाजी आणायला गेल्या होत्या. हे खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. बाईंचा आवाज मोठा आहे, फोन कानापासून लांब धरावा लागतो. पेपर उलटा होता. मी जाऊन सरळ करून दिला.

शुक्रवार, ४ एप्रिल

नवा शब्द आला आहे: 'जा'. काल चार वेळा, आज सात वेळा. सुटा, स्पष्ट, माझ्याकडे बघून. मी स्वयंपाकघरात जाते. जरा वेळाने परत येते. पुन्हा 'जा'.

मुलीला फोनवर सांगितलं. तिला आनंद झाला. सुटा शब्द येणं ही प्रगती म्हणाली. 'ये-जा'मधला दुसरा शब्द असावा असं मी सुचवलं. "ये म्हणून बघा," ती म्हणाली. मी ह्यांच्यासमोर उभी राहून 'ये' म्हटलं. हे म्हणाले, "जा". टेबलावर डावी मूठ आपटली.

प्रगती म्हणून नोंदवते. दुसरी शक्यता मला दिसते आहे, तीही नोंदवते. झटक्याआधीच्या शेवटच्या वाक्यात हाच शब्द होता. भांडण जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू झालं असेल. राग गिळता येतो, विरतो, निवळतो. ह्यांचा निवळलेला नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

'जा': चौदा वेळा. दुपारी मी लापशी भरवत होते. चमचा हिसकावून फेकला. डाव्या हाताने इतका नेम लागतो हे माहीत नव्हतं.

"रागाने म्हणताय का?" मी विचारलं.

"हो." मग जोरजोरात मान हलवत, "हो, हो," आणि मान नकाराची. मुलीने बजावलं आहे की हो आणि नाही यांची अजून अदलाबदल होते, त्यावर विसंबू नका. विसंबले नाही. चमचा धुतला.

गुरुवार, २४ एप्रिल

काळजी: काळजी करणे, घेणे, वाटणे, लागणे, मिटणे. 'ज'मध्ये येत नाही, पण डोक्यात आलं. मी काळजी घेते, ताई काळजी करतात. दोन निराळी कामं आहेत आणि दोघींनी वाटून घेतली आहेत, त्यामुळे बरं चाललं आहे.

माझं वजन चार किलोंनी कमी झालं आहे. काटा जुना आहे.

मंगळवार, ६ मे

बाईंना नकाराचं पत्र लिहिलं. त्यांना कागदच लागतो. चार ओळी, एकही खाडाखोड नाही. 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलं; कारण घरगुतीच असतं, नाहीतर अपरिहार्य. पाकीट टेबलावर ठेवून ह्यांना व्यायामाला नेलं. आल्यावर पाकीट दिसलं नाही. ताईंनी टाकलं असणार. टपालातल्या माणसाला पाकीट पडलेलं बघवत नाही.

मंगळवार, १३ मे

बाईंचा निरोप: काय ठरलं? म्हणजे पत्र पोचलं नाही. ताई म्हणतात, त्यांनी पाकीट पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा लिहिलं, त्याच चार ओळी. टेबलावर ठेवलं. आंघोळ करून आले तर तेही नाही.

संध्याकाळी ह्यांच्या उशीचा अभ्रा बदलायला काढला. आतून दोन्ही पाकिटं पडली. एका हाताने घडी घातल्यासारखी, वेडीवाकडी. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, कान लाल झाले होते.

कागद गोळा करण्याची सवय आजारानंतर लागते का, मुलीला विचारायचं आहे.

बुधवार, २१ मे

आजचं सविस्तर लिहिते, कारण ते सगळं माझ्या लक्षात नीट राहील असा भरवसा नाही.

मुलीच्या सूचनेवरून ह्यांना बस स्थानकावर नेलं. ओळखीच्या जागी शब्द लवकर येतात म्हणे. मी, ताई आणि काठी घेतलेले हे. तिघे रिक्षातून गेलो. चौकशीच्या खोलीत आता एक तरुण बाई बसते. तिने उठून ह्यांना खुर्ची दिली. "सर, तुमच्याच घोषणा ऐकून शिकले मी," म्हणाली. कंडक्टर, सफाईवाली, कॅन्टीनवाला, सगळे काचेला नाक लावून उभे राहिले. मी आणि ताई काचेच्या बाहेरच होतो. आत जागा दोघांपुरतीच आहे.

त्या बाईने माईक ह्यांच्यासमोर सरकवला. "एकदा म्हणा ना सर. काहीही."

ह्यांनी समोरच्या वेळापत्रकाकडे बघितलं नाही. काचेतून माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." संपूर्ण स्थानकात तो आवाज. पुढे त्यांनी गाडीचं नाव घेतलं. कोशाचं ऑफिस ज्या गावी आहे त्या गावची गाडी. "फलाट क्रमांक तीनवरून सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी त्वरित आपापल्या जागा घ्याव्यात. ही शेवटची सूचना आहे."

एक अक्षर चुकलं नाही. पण त्या गावची गाडी सकाळी सातला असते. तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. पंधरा-वीस माणसं बोचकी आणि पोरं उचलून तीन नंबरकडे धावली. तिथे गाडी नव्हतीच. एक आजोबा कंट्रोलरला धरून विचारू लागले, कंट्रोलर खोलीकडे धावत आला, दाराशी ह्यांना बघून थांबला, आणि परत जाऊन लोकांची माफी मागू लागला. हसू, गोंधळ, आरडाओरडा. ह्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच घोषणा केली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझ्याकडे बघत.

"वेळ चुकली," मी ताईंना म्हटलं. "गाव बरोबर आहे."

ताई हसत होत्या. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला गदागदा हलवलं. "बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं वाचलंस ना गं तू? मग हे वाचता येत नाही? महिना दीड महिना तो तुला जा जा म्हणतोय, आणि तू स्वयंपाकघरात जातेस!"

"रागाने म्हणतात," मी म्हटलं.

"राग असता तर तुझं नकाराचं पाकीट स्वतः जाऊन पेटीत टाकलं असतं त्याने. लंगडत."

म्हणजे पाकिटांचं त्यांना ठाऊक होतं. ते कसं, हे मी विचारलं नाही.

काचेच्या आत हे बटणावर बोट ठेवून बसले होते. तिसऱ्यांदा घोषणा करायची का, असं विचारल्यासारखे. मी मानेने नाही म्हटलं. मग हो म्हटलं. माझीही अदलाबदल झाली.

तिथे मला रडू कोसळलं. कॅन्टीनवाल्याने बाकावर बसवलं आणि चहा दिला. कडू होता, प्यायले.

गुरुवार, २२ मे

सकाळी ह्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. "मी गेले तर तुमचं कसं?" हा प्रश्न मी फेब्रुवारीत विचारायला हवा होता. तेव्हा मी फक्त मुद्दे मांडले होते.

उत्तर द्यायचा प्रयत्न केला, सहा-सात मिनिटं. 'ते', 'हे', 'अरे', शिवी. मग उठले. कोपऱ्यातली माझी कापडी पिशवी घेतली. माझ्या चष्म्याचं घर उचलून तिच्यात टाकलं. परत टेबलाशी आले, लाल पेन नेलं. मग निळं. मग 'ज'च्या कार्डांचा गठ्ठा, पण तो एका हातात मावेना, पडला, कार्डं सगळ्या खोलीभर झाली. मी उचलायला वाकले तर मला थांबवलं. एकेक कार्ड स्वतः उचललं. पाऊण तास लागला. ताई दारात उभ्या होत्या आणि पाऊण तासात एक शब्द बोलल्या नाहीत. हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

गठ्ठ्याचा क्रम पार बिघडला होता. मी तसाच राहू दिला.

बाईंना फोन केला. सोमवार ते शुक्रवार तिथे, शनिवार-रविवार घरी. त्या म्हणाल्या, "या हो, टेबल पुसून ठेवते."

ताई वर्षभर राहणार. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "पुरे. मला स्वतःची उशी आहे, बाकी काय लागतं?"

मंगळवार, ३ जून (परगावी)

खोली लहान आहे, टेबल मोठं. चौघं भांडतो. आज 'जबाबदारी'वर दीड तास गेला. जबाबदारी घेतात, टाकतात, झटकतात, पेलतात, उचलतात. 'वाटतात' येतं की नाही यावर एकमत झालं नाही. मी म्हटलं, येतं. पुरावा मागितला. सांगितला नाही, पण माघारही घेतली नाही.

फोनवर ताई बोलल्या. ह्यांनी फोन हातात धरला आणि श्वास ऐकू आला. फोनवर अजून जमत नाही. मी फोन ठेवला तेव्हा आठ मिनिटं झाली होती.

घर सोडून मी सुखात आहे का, असा प्रश्न मनात येतो. भूक लागते आहे, एवढं नक्की.

शुक्रवार, ६ जून

साडेसहाला घरी पोचले. दार उघडंच होतं. हे दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली, हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. ताईंनी आतून सांगितलं, "तीन वाजल्यापासून बसलाय तो तिथे. मी काही म्हणाले नाही बाई, मला बोलायची बंदी आहे."

मी पिशवी खाली ठेवली. हे माझ्याकडे बघत होते. ओठ हलू लागले. मला पहिला शब्द सुचवावासा वाटला. सुचवला नाही. उभी राहिले. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या.

"आठवडा," हे म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "जाड. होता."

"मोठा होता," मी म्हटलं. सवयीने.

त्यांनी मान हलवली. या वेळी नाही म्हणजे नाहीच होतं. डावा हात वर करून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जाडी दाखवली. जुन्या गादीची असते तेवढी. "जाड."

आठवडा सरतो, उलटतो, निघतो, लोटतो. मोठा असतो, धावपळीचा असतो. जाड नसतो. कुठल्याही छापील मजकुरात मी हे दोन शब्द शेजारी पाहिलेले नाहीत. ही जोडी त्यांना कुणी दिलेली नव्हती.

मुलीने सुधारू नका म्हणून सांगितलं आहे. त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, "हो. माझाही."